अडीच वर्षांचा बोका फक्त ड्राय फूड खातो. वेट (पाकिटातलं ओलं खाणं) सुरू करू का?

गुंड्याची आई, डोंबिवली

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

आमचा गुंड्या अडीच वर्षांचा आहे. साधा देशी बोका, पांढरा, पाठीवर आणि शेपटीवर पिवळे पट्टे. ऐन पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ओरडत बसलेला सापडला, तेव्हा तळहातावर मावत होता. सात महिन्यांचा असताना नसबंदी केली. आता वजन ५.२ किलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे, तो बाहेर जात नाही.

लहानपणापासून त्याला ड्राय फूडच, म्हणजे कोरडे दाणेच देतोय. मी आणि नवरा सकाळी सातला घर सोडतो, परत यायला रात्रीचे साडेआठ होतात. घरी सासूबाई असतात. सकाळी वाटीत दाणे ओतून ठेवायचे, तो दिवसभर येताजाता खातो, वाटी रिकामी दिसली की आई पुन्हा भरतात. असंच चाललंय.

त्रास म्हणावा असा काही नाही. पण गेल्या शनिवारी लसीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं, वजन केलं आणि विचारलं, "पाणी किती पितो हा?" मला सांगताच आलं नाही. मग म्हणाल्या, "नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका आहे, फक्त ड्राय खातोय, वजनही वाढतंय. थोडं वेट फूड सुरू करा." मागे लोक खोळंबले होते, त्यामुळे पुढचं काही विचारता आलं नाही.

घरी आल्यापासून डोक्यात तेच चालू आहे. जिथून खाणं आणतो तो दुकानदार म्हणतो, ड्रायच चांगलं, दात साफ राहतात. शेजारची मैत्रीण म्हणते, वेटने तिच्या मांजरीला जुलाब झाले. इंटरनेटवर कोणी ड्रायला विष म्हणतं, कोणी वेटला पैशाचा चुराडा.

आणखी एक अडचण आहे, ती जरा नाजूक आहे. आई माळकरी आहेत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. गुंड्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, दुपारी त्यांच्या मांडीवर आडवा झाल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. दाण्यांत मांस असतं हे त्यांना ठाऊक आहे, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही. मागे एकदा नमुना म्हणून मिळालेलं ट्यूनाचं पाकीट मी स्वयंपाकघरात फोडलं. आई जेवत होत्या. त्या वासाने त्यांनी ताट तसंच सरकवलं आणि उठल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. त्यांच्यावर हे लादायचं नाहीये, आणि गुंड्याची हेळसांडही होऊ द्यायची नाहीये.

तर, वेट खरंच इतकं गरजेचं आहे का? पूर्ण बदलायला हवं की थोडं दिलं तरी चालेल? महिन्याचा खर्च साधारण किती येतो? आणि शाकाहारी घरात हे कोणी सांभाळलंय का?

खारघरकर

आमच्याकडे सकाळी ड्राय, रात्री वेट असं चार वर्षं चालू आहे. दोन्ही मांजरी ठणठणीत आहेत. पूर्ण बदलायची गरज पडली नाही.

सोमवारपेठी, पुणे

ताई, तुमच्या डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं, तिथेच सगळं आहे. मी सविस्तर लिहितो, कारण मला हे कळायला माझा सोन्या जवळजवळ गमवावा लागला होता.

सोन्या तेव्हा चार वर्षांचा. नसबंदी झालेला, घरातलाच, फक्त दाणे खाणारा. म्हणजे थेट तुमचा गुंड्या. एप्रिल महिना होता. रात्री अकराच्या सुमाराला तो लिटरच्या, म्हणजे शू-शीसाठी वाळू भरून ठेवतो त्या ट्रेमध्ये जाऊन बसला. बराच वेळ बसला, उठला, पुन्हा पाच मिनिटांनी जाऊन बसला. शेपटी ताठ, पाठीला बाक, आणि मध्येच घशातून बारीक आवाज. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नाहीये. बायकोने चमचाभर तूप चाटवलं. रात्रभर तो त्या ट्रेच्या आणि मोरीच्या फेऱ्या मारत होता. पहाटे पाचला उलटी केली आणि पलंगाखाली जाऊन पडला, हाक मारली तरी कान हलवेना.

साडेसहाला फोन करकरून डॉक्टरांना उठवलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, लघवी तुंबली आहे. मला हात लावून बघायला सांगितलं. पोटात कच्च्या लिंबाएवढा नाही, चांगला मोसंब्याएवढा टणक गोळा लागत होता. तो त्याचा मूत्राशय. बोक्यांची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, तिथे खड्यांची रेती आणि चिकट स्राव अडकून बूच बसतं. मांजरीची नळी रुंद आणि आखूड असते म्हणून तिला हे क्वचित होतं. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं, आणि शेवटी हृदय थांबतं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो.

भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन, सोन्या दवाखान्यात. बिल अठरा हजारांच्या वर गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. रात्री अकरा ते पहाटे साडेसहा तो आपल्या डोळ्यांसमोर तडफडत होता आणि आपण तूप चाटवत होतो, हे मात्र अजून मनातून जात नाही. म्हणून बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि ट्रे कोरडा आहे, असं दिसलं की सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता दवाखाना शोधा.

आता खाण्याचं. आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. कोरड्या मुलखातला प्राणी. तो पाणी शोधत फिरत नाही, शिकारीतूनच त्याला पाणी मिळतं. उंदराच्या अंगात शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान उशिरा लागते, आणि शरीर लघवी घट्ट करून पाणी वाचवतं. घरात आपण त्याला दाणे देतो. दाण्यांत पाणी शेकडा आठ ते दहा. ओल्या खाण्यात पंच्याहत्तर ते ऐंशी, काहींत त्याहून जास्त. दाणे खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं हे खरं, पण ती तूट पूर्ण भरून काढत नाही. लघवी घट्ट राहते, आणि घट्ट लघवीत खडे धरायला सोपं जातं.

तुमच्या गुंड्याचा हिशेब मांडून बघा. ५.२ किलोचा नसबंदी झालेला बोका, त्याला दिवसाला साधारण २३० ते २५० कॅलरी पुरतात. दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ६५ ग्रॅममध्ये काम झालं. त्या ६५ ग्रॅममधून त्याच्या पोटात पाणी गेलं पाच-सहा मिली, म्हणजे एक चहाचा चमचा. आता ८५ ग्रॅमचं एक पाकीट घ्या. त्यात कॅलरी साठ ते ऐंशी, आणि पाणी पासष्ट-सत्तर मिली. त्यात मी आणखी दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवतो, सोन्या रश्शासकट चाटून घेतो. एका जेवणात शंभर मिलीच्या जवळ गेलं की नाही?

म्हणून पूर्ण बदलता आलं नाही तरी एक पाकीट रोज द्या. एक पाकीट असेल तर दाणे ४५ ग्रॅमवर आणा. दोन पाकिटं दिलीत तर दाणे ३०. दाण्यांचं माप मात्र तराजूवर घ्या, वाटीने नको. वाटी संपली की भरायची, यातच वजन वाढतं, हे मी अनुभवाने सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या भागात पाकीट पन्नासच्या आसपास पडतं. रोज एक म्हटलं तर महिन्याला दीड हजार, आणि दाणे थोडे कमी लागतात.

आणखी एक गोष्ट आजपासून करा, तिला एक पैसा लागत नाही. ट्रे साफ करताना शूचे गोळे मोजा. शू पडली की गोळे होणारं लिटर असेल तर दिवसाला दोन ते चार गोळे दिसायला हवेत. सोन्याचे तेव्हा आवळ्याएवढे पडायचे. आता मोठ्या लिंबाएवढे पडतात. आमच्या घरी कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहिलेला असतो.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे कोणी ड्राय आणि वेट करत बसलं नाही. तारलीची डोकी, बांगड्याचे तुकडे उकडून भातात कालवायचे की झालं. आजीच्या घरी दहा-बारा मांजरं याच्यावरच वाढली. पाकिटांतलं काय खरं नि काय खोटं? ताईंच्या घरी मासे चालत नाहीत ते वेगळं.

परळची मावशी

रत्नांग्रीकर, तुमच्या आजीची मांजरं दिवसभर उंदीर, पाली, पाखरं मारून खात होती. भात-मासळी हा त्यांचा वरचा खाऊ होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बोक्याला वाडी नाही आणि उंदीरही नाही. आपण वाटीत जे घालू तेवढंच त्याला मिळणार, म्हणून ते पुरं असावं लागतं.

मी गेली अकरा वर्षं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात रस्त्यावरची आजारी मांजरं घेऊन जाते. नुसत्या उकडलेल्या चिकनवर वाढवलेली पिल्लं मी बघितली आहेत. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. एक पिल्लू सोफ्यावरून उडी मारली तर पाय मोडला. घरच्यांनी त्याला प्रेमाने रोज ताजं चिकन घातलं होतं.

टॉरिन नावाचा एक घटक आहे. तो मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही, मांसातूनच घ्यावा लागतो. कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाच्या आजाराचं हे कारण १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, तेव्हा बाजारातल्या तयार खाण्यावर वाढलेल्या मांजरांनाही हाच आजार होत होता. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. नुसतं उकडून पाणी फेकलं तरी त्यात टॉरिन निघून जातं. म्हणून घरचं खाणं देऊच नये असं नाही, पण पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्यावं लागतं. वरचा खाऊ म्हणून उकडलेला मासा काटे काढून, मीठ न घालता द्या, काही बिघडत नाही. कांदा-लसूण मात्र चुकूनही नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरातल्या रश्शाचा तुकडा धुऊन दिला तरी तो धोका राहतोच.

गुंड्याच्या आई, आता तुमच्यासाठी. पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागचं बारीक वाचा. तिथे 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते नुसतं तोंडी लावणं आहे. त्या ट्यूबमधल्या चाटायच्या पेस्टी सगळ्या बहुतेक त्यातच येतात. मांजरं वेडी होतात त्याच्यासाठी, पण ते जेवण नव्हे.

दुसरं, प्रथिनांचा आकडा बघून फसू नका. पाकिटावर प्रथिनं ८ टक्के दिसतात, दाण्यांवर ३० टक्के. लोक म्हणतात, ओलं म्हणजे नुसतं पाणी विकतात. पण पाकिटात पाणी ८४ टक्के असेल तर कोरडा ऐवज १६ राहिला, त्यातले ८ म्हणजे निम्मी प्रथिनं झाली. दाण्यांत पाणी १०, ऐवज ९०, त्यातले ३० म्हणजे तिसरा हिस्सा. दाणा आकारात टिकायला त्यात पिठूळ पदार्थ घालावेच लागतात, ओल्याला तेवढी गरज नसते. मांजर मुळात मांसावर जगणारं, त्याला पिठाचं काम कमीच.

आणि दातांचं दुकानदारांनी सांगितलं ते सोडून द्या. बहुतेक मांजरं दाणा एकदाच कडकन फोडतात नाहीतर अख्खा गिळतात. चणे खाल्ले म्हणून आपलं दात घासणं सुटतं का? दातांसाठी मुद्दाम केलेले मोठे दाणे मिळतात, ते वेगळे. साध्या दाण्यांनी दात साफ होत नाहीत. मांजराच्या ब्रशची सवय मात्र लागते, हळूहळू.

तुमच्या मैत्रिणीच्या मांजरीला जुलाब झाले असतील, कारण एकदम बदललं असेल. आठ-दहा दिवस घ्या. पहिल्या दिवशी चहाचा अर्धा चमचा, बस.

ड्रायला विष म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. रस्त्यावरच्या चाळीस मांजरांना मी दाणेच घालते. वेट मला परवडणार नाही आणि उघड्यावर टिकणारही नाही. चांगल्या दाण्यांवर अठरा वर्षांची झालेली मांजरी माझ्या ओळखीत आहे. पण घरातल्या, सुस्त, नसबंदी झालेल्या बोक्याला मी थोडं तरी ओलं देईन.

गुंड्याची आई, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारपेठी काका, तुमचं वाचून मी रात्री उठून ट्रे बघायला गेले. दोन गोळे होते, लहान. आवळ्यापेक्षा थोडे मोठे असतील. उद्याच डॉक्टरांना फोन करून लघवी तपासायचं विचारते.

काल एक चिकनचं पाकीट आणलं. आई देवळात गेल्या होत्या तेव्हा गॅलरीत अर्धा चमचा बशीत ठेवला. गुंड्याने वास घेतला, मागे सरकला, आणि बशीभोवतीची फरशी पंजाने ओढायला लागला. ट्रेमध्ये घाण झाकतात ना, अगदी तसंच. मग माझ्याकडे बघून दाण्यांच्या वाटीपाशी जाऊन बसला. दोन दिवस दाणे बंद केले तर भुकेने खाईल का?

परळची मावशी

नको! हे अजिबात करू नका. कुत्र्याला एक दिवस उपास घडला तर चालून जातं, मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत बंद पडायला लागतं. जाड मांजरांना हे जास्त लवकर होतं. ५.२ किलोच्या गुंड्याला तर मुळीच उपाशी ठेवू नका. हट्ट त्याचा राहू दे, आपण धीर धरायचा.

सोमवारपेठी, पुणे

मावशी म्हणतात ते शंभर टक्के. सोन्याने मला एकोणीस दिवस झुलवलं होतं.

पाकीट फोडण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. मांजर जिभेआधी नाकाने जेवतं, थंड खाण्याला वास नसतो. हाताला कोमट लागेल इतपतच. दुसरं, आधी दिवसभर भरलेली वाटी बंद करा. ठरलेल्या चार वेळा मोजून दाणे द्या म्हणजे त्याला जेवणाच्या वेळेला भूक असेल. उपाशी ठेवणं वेगळं आणि वेळेवर भूक लागू देणं वेगळं. मग ओल्यात त्याचे चार दाणे चुरून वर भुरभुरा. तो वरचे दाणे उचलताना जिभेला ओलं लागतं. आमच्याकडे तिथून सुरुवात झाली. रश्शातले तुकडे आवडत नसतील तर मऊ लगद्यासारखं मिळतं ते आणून बघा. काही मांजरांना तोंडात काय कसं लागतं याचंच जास्त असतं.

दोन मांजरं एक गॅलरी, सांगली

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. आमचं घरही माळकरी आहे. सासऱ्यांच्या पन्नास वाऱ्या झाल्यात. मांजरं आणायचं ठरलं तेव्हा मी आधी त्यांनाच विचारलं, लपवून काही केलं नाही. ते म्हणाले, "त्याचा धर्म त्याला, आपला आपल्याला. फक्त माझ्या ताटाजवळ नको."

त्यांनी सांगितलं तेवढंच पाळायचं मी ठरवलं. मांजरांचं सगळं गॅलरीत. दोन स्टीलच्या बशा, एक चमचा, एक कात्री, एक जुना टॉवेल, सगळं गॅलरीतल्या खोक्यात. घासायची घासणीही वेगळी, गॅलरीतल्याच नळावर. स्वयंपाकघरात यातलं काहीच येत नाही. उरलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं म्हटलं तर आमच्याकडे जमत नाही, म्हणून लहान पाकिटं घेते आणि एका वेळेला संपवते. दोघांत एक. तुमचा एकच आहे, तर आईंचं जेवण उरकल्यावर रात्री अर्धं आणि झोपायच्या आधी अर्धं द्या. मधल्या दोन तासांत पाकिटाला चिमटा लावून ठेवलं तर काही होत नाही. त्याहून जास्त वेळ मात्र बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर एक तासही नको. रिकामं पाकीट लगेच धुऊन, पिशवीला गाठ मारून खाली. वास राहतो तो उघड्या पाकिटाचा, बशीचा नाही.

माशाचं घेऊ नका, चिकनचं घ्या. वास निम्म्याहून कमी असतो.

मुंग्या येतात त्यावर उपाय, एका परातीत बोटभर पाणी घालायचं, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर बशी. सांगलीत आमच्याकडे याशिवाय भागत नाही. आणि पावसाळ्यात दाण्यांची मोठी गोणी आणू नका. दाणे त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. सादळलेले किंवा खवट वास येणारे दाणे टाकून द्या, बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच धरलेली असते. दुकानात सुटे मिळतात ते तर घेऊच नका.

आईंशी मात्र एकदा बोला. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना विचारायचं नाही असं नाही.

गुंड्याची आई, डोंबिवली

सव्वा महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

लघवी तपासली. घट्ट होती आणि थोडे स्फटिक निघाले, पण बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, औषध नको, पाणी वाढवा, महिन्याने पुन्हा बघू.

सांगलीच्या ताई, तुमचं वाचून त्याच रात्री मी आईंशी बोलले. ट्यूनाच्या दिवसाचंही बोलले. सोन्याची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली आणि विचारलं, "आपल्या गुंड्याला होईल असं?" म्हटलं, होऊ नये म्हणूनच. मग म्हणाल्या, "तू रात्री घाल. मी तोवर हरिपाठाला बसते."

बारा दिवस त्याने तोंड लावलं नाही. तेराव्या दिवशी काकांनी सांगितल्यासारखे वर चार दाणे चुरले होते, ते टिपता टिपता बशीचा तळ दिसेपर्यंत चाटलं. मी गॅलरीत खाली बसले होते, तिथेच डोळ्यांत पाणी आलं. आता रोज रात्री नऊला तो गॅलरीच्या दारात बसून असतो. चिकनचं एक पाकीट, त्यात दोन चमचे कोमट पाणी, दोन हप्त्यांत. दाणे ४५ ग्रॅम, चार वेळा. दिवसाचे मोजलेले दाणे सकाळी चार डब्यांत भरून ठेवते, आई वेळेवर एकेक डबा रिकामा करतात. आधी त्यांना वाटायचं आपण त्याला उपाशी मारतोय, मग मी तराजूवर दाखवलं की आधी जवळजवळ ९० ग्रॅम जात होते.

वजन ५.२ वरून ५.०५ वर आलंय. डॉक्टर म्हणाल्या, असंच हळूहळू उतरू दे. दुसऱ्यांदा तपासलेल्या लघवीत स्फटिक नव्हते. गोळे रोजचे तीन, आणि मोठे.

पाण्याचं तर आईंनीच शोधून काढलं. तुळशीला घालायचं पाणी त्या मातीच्या कुंड्यात काढून ठेवतात, त्यातून तो पितो असं त्यांनी दोन-तीनदा पाहिलं. स्टीलच्या वाटीकडे ढुंकून बघत नाही. वाटी दाण्यांच्या शेजारीच होती, कदाचित तेही कारण असेल. आता त्याच्यासाठी दोन पसरट कुंडे आणलेत, एक तुळशीपाशी आणि एक आईंच्या खोलीत पलंगाखाली. रोज सकाळी दोन्ही धुऊन भरायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलंय. कॅलेंडरवर गोळ्यांचा आकडाही त्याच लिहितात, एकादशीच्या खुणेच्या खाली.

सोमवारपेठी, पुणे

फार बरं वाटलं वाचून. उन्हाळ्यात आकडा तीनच्या खाली गेला तर पाकिटात अजून एक चमचा पाणी घाला. आईंना माझा नमस्कार सांगा.